कानामागून आली अन् 'सराउंड' झाली!

माहीत आहे का? तुमच्या बैठकीत सिनेमा दणक्यात ऐकायला बहुतेक वेळा एक वॅट पुरतो. शंभर नाही, हजार नाही. फक्त एक! साध्या घरगुती स्पीकरला एक वॅट वीज मिळाली, की मीटरभर अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज येतो. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागेल, इतका. मग खोक्यावरचे ते दहा-दहा हजार वॅट कुठे जातात? थांबा, त्यांचाही हिशेब होणार आहे.

आजचा आपला शो आहे बपेऱ्यात. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, सिहोऱ्याचा परिसर, पलीकडे मध्य प्रदेश. इथून मल्टिप्लेक्स काही पायी जाण्याच्या अंतरावर नाही. धान विकलं गेलं, हाती चार पैसे आले, भिंतीवर मोठा टीव्ही लागला. डोळ्यांची दिवाळी झाली, कानांची राहिली! टीव्ही जितका पातळ होत गेला, तितके त्यातले स्पीकर बारके झाले, आणि बिचारे बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून बसलेले. तर मंडळी, कान टवकारा. स्वस्तातला सराउंड साउंड कसा निवडायचा, ते गंमतजंमत करत बघू.

सराउंड म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतलं रात्रभर चालणारं नाटक आठवा. समोर रंगमंचावरून संवाद, मंचाच्या पुढ्यात बसलेल्या वादकांचं संगीत, डाव्या-उजव्या अंगानं टाळ्या आणि पाठीमागून शिट्ट्या. झालं की ५.१! पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि जमिनीचा धमाका सांभाळायला एक सबवूफर. याच झाडीपट्टी रंगभूमीवर हजारो प्रयोग करणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पद्मश्रीचं नाटक ज्या पट्ट्यात उघड्या मैदानात ऐकलं जातं, तिथल्या कानांना पांचट आवाज का म्हणून द्यायचा?

माहीत आहे का, त्या '.१' चा अर्थ काय? सबवूफरचा चॅनेल फक्त खालचे, घुमणारे सूर वाहतो. बाकीच्या चॅनेलच्या पूर्ण पट्ट्यापैकी अगदी छोटासा हिस्सा, म्हणून पॉइंट वन! हे नाव रूढ करणारे टॉमलिन्सन होलमन म्हणजे सिनेमाघरांच्या टीएचएक्स दर्जामागचे इंजिनिअर.

आता एक बाँब. ज्याच्या नावाचं लेबल बघून आपण खोकं उचलतो, ते रे डॉल्बी १९६३ पासून दोन वर्षं चक्क भारतात होते! संयुक्त राष्ट्रसंघाचे तांत्रिक सल्लागार म्हणून. इथलं काम आटोपून ते लंडनला गेले आणि १९६५ मध्ये त्यांनी डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. आणि पहिला शोध कोणता? आवाज वाढवणारा नव्हे हो, टेपवरची खरखर कमी करणारा! मिरवणुकीत 'डॉल्बी'च्या नावानं स्पीकरची भिंतीएवढी थप्पी लावून छाती हादरवणाऱ्या प्रकाराशी त्या शांत गृहस्थांचा काडीचा संबंध नव्हता.

भारताशी जोडलेलं दुसरं नाव, अमर बोस. वडील बंगाली स्वातंत्र्यसैनिक, अमेरिकेत स्थायिक झालेले. पोरवयात अमरनं रेडिओ दुरुस्त करून घरखर्चाला हात दिला. पुढे एमआयटीत प्राध्यापक झाले आणि १९६४ मध्ये बोस कंपनी काढली. १९६८ च्या त्यांच्या गाजलेल्या ९०१ स्पीकरमध्ये नऊ तोंडं होती. त्यातली आठ मागे भिंतीकडे वळलेली! भिंतीवर आदळून परतलेला आवाज कानांना गोड लागतो, हा त्यांचा डाव. भिंतींना कान असतात हे ठाऊक होतं, तोंडही असतं हे बोसनं दाखवलं. २०११ मध्ये त्यांनी कंपनीचे बहुसंख्य शेअर एमआयटीला देऊन टाकले. सलाम!

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

आता वॅटचा हिशेब. खोक्यावर 'पीएमपीओ' असं छापलेलं दिसलं, की तो आकडा डोळ्यांआड करा. पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा कागदावरचा जोर. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे ज्याला जो वाटेल तो आकडा छापतो. तुम्ही शोधायची ती तीनच अक्षरं: आरएमएस. हा जोर स्पीकर सलग देऊ शकतो. एकाच खोक्यावर हजारांत पीएमपीओ आणि बारीक अक्षरांत चाळीस आरएमएस असं जोडपं दिसलं, तर चाळीसवर विश्वास ठेवा.

आणि हे तर लिहून ठेवा. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही! वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला जेमतेम कळेल एवढा. आवाज दुप्पट वाटायला हवा असेल, तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. मग ५० ऐवजी १०० वॅटसाठी तीन हजार जास्त मोजायचे? मुळीच नाही! ते तीन हजार मधल्या स्पीकरवर लावा.

मधला स्पीकर! हाच या पिक्चरचा खरा हिरो. सिनेमातले बहुतेक संवाद याच एका स्पीकरमधून येतात. 'गाणं लागलं की घर हादरतं आणि हिरॉईन काय बोलली ते कळत नाही' ही घरोघरची तक्रार आहे ना? तिचं औषध म्हणजे चांगला सेंटर चॅनेल. माझं स्पष्ट मत सांगतो: बजेट तुटपुंजं असेल, तर मागचे दोन टुकार स्पीकर घेऊ नका. पुढचे तीन दमदार आणि एक सबवूफर, म्हणजे ३.१ घ्या. आजीला टीव्हीवरचा शब्द न् शब्द ऐकू आला, की घरातला निम्मा तंटा मिटतो.

तीन स्पीकरची ही कल्पना किती जुनी आहे, माहीत आहे का? २७ एप्रिल १९३३. फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा तिथंच वाजत होता आणि श्रोते बसले होते वॉशिंग्टनच्या सभागृहात. बेल लॅब्सनं टेलिफोनच्या तीन तारांवरून तीन वेगळे चॅनेल पाठवले आणि रिकाम्या मंचावर तीन स्पीकर मांडले. डावा, मधला, उजवा. लिओपोल्ड स्टोकोव्स्की नावाचे संगीत संचालक त्या दिवशी वाद्यवृंदासमोर नव्हते, वॉशिंग्टनमध्ये बसून बटणं फिरवत होते! याच स्टोकोव्स्कींनी पुढे डिस्नेच्या 'फँटेशिया'ला संगीताची साथ दिली. १९४० चा तो सिनेमा सराउंडचा आजोबा. पण यंत्रणा इतकी महाग आणि अवजड, की मोजक्याच थिएटरांना ती परवडली. बजेटची बोंब डिस्नेलाही चुकली नाही.

आपल्याकडचं काय? १९७५ चा 'शोले' ७० एमएममध्ये स्टिरिओफोनिक आवाजासह आला. जयनं उडवलेलं नाणं पडलं, की मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरातले प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघायचे, असा किस्सा आजही सांगतात. थिएटरांतला डिजिटल ५.१ हॉलिवूडमध्येही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुजला: १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स' डॉल्बी डिजिटलवर, १९९३ मध्ये 'ज्युरासिक पार्क' डीटीएसवर. डायनासोरचा डिजिटल आवाज रिळावर नव्हताच, तो वेगळ्या सीडीवरून वाजत होता!

भूकंप, जाळी आणि रांगणारा माणूस

१९७४. हॉलिवूडचा 'अर्थक्वेक'. त्यासाठी 'सेन्सराउंड' नावाचे राक्षसी सबवूफर थिएटरात लावले गेले. लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरमध्ये छताचा गिलावा प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये, म्हणून वर जाळी बांधावी लागली! तुमच्या घरावर टिनाचं छप्पर असेल, तर ही गोष्ट मनावर घ्या. टिनाला ढुमढुम आवडत नाही, ते लगेच सोबतीला वाजायला लागतं. सबवूफरखाली जाड रबर किंवा जुनी घडी घातलेली सतरंजी ठेवा आणि त्याचा आवाज थोडा उतरवा.

पण तो ठेवायचा कुठे? इथे खरी धमाल. २० हर्ट्झच्या सुराची एक लाट सुमारे १७ मीटर लांब असते. म्हणजे ५६ फूट! दहा बाय बाराच्या खोलीत ती मावतच नाही. त्यामुळे एका जागी बास घुमतो आणि दोन पावलांवर गायब होतो. उपाय असा: सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, ढोलाचं गाणं लावा आणि खोलीभर चक्क रांगा. जिथे ढोल स्वच्छ, सारखा ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा. खर्च शून्य. घरातली लहान पोरं हे काम मोठ्या आनंदानं करतील.

बाकीच्यांची मांडणी सोपी आहे. मधला टीव्हीच्या खाली. डावा-उजवा तुमच्या नजरेच्या सरळ रेषेपासून ३० अंशांवर. मागचे दोन पार पाठीमागे नकोत, कानाच्या किंचित मागे, १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. आणि कानाच्या उंचीपेक्षा थोडे वर.

आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे मागचा स्पीकर पुढच्यापेक्षा मीटरभर जवळ असेल, तर त्याचा आवाज तीन मिलिसेकंद आधी येऊन टपकणार. सेटिंगमध्ये 'डिस्टन्स' किंवा 'डिले' असेल तर टेपनं मोजून खरं अंतर भरा. मोबाइलवर ध्वनिमापक ॲप मोफत मिळतं. बसायच्या जागी धरा आणि सगळे स्पीकर सारख्या पातळीवर आणा.

उशी चोरा, प्रोफेसर व्हा

१८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये एक नवं व्याख्यान सभागृह बांधलं. शब्द इतके घुमायचे, की काही कळायचं नाही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते प्रकरण आलं. पठ्ठ्या रात्री-अपरात्री जवळच्या थिएटरच्या खुर्च्यांवरच्या उश्या उचलून आणायचा, सभागृहात मांडायचा आणि आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजायचा. सकाळ व्हायच्या आत उश्या परत! त्या उश्यांतून ध्वनिशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली. आवाज शोषण्याच्या एककाला आजही 'सॅबिन' म्हणतात, आणि सगळ्यात उत्तम शोषक कोण? उघडी खिडकी! तिच्यातून गेलेला आवाज परत येतच नाही.

आता तुमची बैठक बघा. फरशी गुळगुळीत, भिंती सिमेंटच्या, वर स्लॅब. टाळी वाजवा, टणटण ऐकू येईल. महागडे फोमचे तुकडे नकोत. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, मागच्या भिंतीला दोन गोधड्या. कोपऱ्यात भरलेली धानाची पोती असतील तर राहू द्या, तीही कामाला येतात. मातीच्या भिंतींचं कवेलूचं घर असेल, तर तुम्ही नशीबवान. खडबडीत, मऊसर पृष्ठभागांमुळे अशा घरात टणटण मुळात कमी असते.

आणि अगदी उलट टोकाचा विक्रम ऐकायचाय? २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या प्रयोगशाळेची खोली त्या वेळी जगातली सर्वांत शांत जागा ठरली. उणे वीस डेसिबलच्याही खाली! तिथे माणसाला स्वतःच्या हाडांची करकर ऐकू येते म्हणे. आपल्याला तेवढं नको, पंखा बंद केला तरी भागतं.

तार! हिच्यावर खूप जण उगाच खर्च करतात. आठ-दहा मीटरपर्यंत विजेच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची लवचीक वायर झकास चालते. काळजी एकच: सगळ्या स्पीकरना लाल ते लाल, काळा ते काळा. एक जरी उलटी लागली, तर दोन स्पीकर एकमेकांचा बास खाऊन टाकतात आणि दोष मात्र कंपनीला मिळतो.

टीव्हीमागे 'एआरसी' लिहिलेलं एचडीएमआय भोक आहे का, आधी ते बघा. २००९ मध्ये आलेली ही सोय एकाच तारेतून टीव्हीचा ५.१ आवाज बाहेर काढते. ते नसेल तर ऑप्टिकल शोधा. लाल-पांढऱ्या जुन्या तारेतून आणि ब्लूटूथवरून मात्र साधारणपणे दोनच चॅनेल येतात. तसंच फ्री डिशवरची, केबलवरची बहुतेक चॅनेलं आणि यूट्यूबवरचा बहुतांश माल स्टिरिओच असतो. मग मागचे स्पीकर मुके का, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ओटीटीवर ५.१ चं चिन्ह असलेला सिनेमा लावा आणि बघा, कानामागून पाऊस येतो की नाही!

खरेदीच्या दिवशी ऐकावे जनाचे, करावे मनाचे. दुकानात ते त्यांचं धडामधुडूम लावतील, त्यावर सगळंच भारी वाटतं. तुम्ही 'सैराट' मागा. त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झालाय, व्हायोलिनं वेगवेगळी ऐकू आली पाहिजेत. मग 'तुंबाड'चा पाऊस. शेवटी आवाज अगदी कमी करून कुजबुजीचा प्रसंग. कुजबुज कळली तर खिशात हात घाला. अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक तपासा, पक्कं बिल घ्या, आणि सर्व्हिस तुमसरात मिळते की भंडाऱ्याला धावायचं, ते आधीच विचारा. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर त्याच बजेटात बसवा.

रात्री दहानंतर 'नाइट मोड'. निवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. या मोडमध्ये धमाके दबतात, संवाद उठून येतात आणि शेजारचे काका झोपतात.

तर निकाल ऐका. दहा हजारांच्या आत असाल, तर सेंटर चॅनेलवाला ३.१ साउंडबार शोधा, नाही मिळाला तर सबवूफरसह प्रामाणिक २.१. पंधरा-वीस हजार जमत असतील, तर मागचे स्पीकर खऱ्या तारेनं जोडलेला ५.१ घ्या. सोनीचा एचटी-एस२०आर याच प्रकारातला: पुढे तीन चॅनेलचा बार, एक सबवूफर, मागे दोन तारवाले स्पीकर आणि एआरसीची सोय. 'व्हर्च्युअल सराउंड'च्या नुसत्या स्टिकरला जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.