जुन्या डिझेल गाडीची ओढ कमी होते तेव्हां

हल्लीं आपल्या पुष्कळ बागायतदार बंधूंच्या दारीं एखादी जुनी डिझेल पिकअप किंवा जीप उभी असते. भाजीपाला बाजारांत नेणें, खतांचीं पोतीं आणणें, पाहुणा स्टेशनावर पोंचविणें, हीं सर्व कामें ती निमूटपणें करिते. अशा गाडीची ओढ एकाएकीं कमी झाली, नेहमींच्या चढावर तिसरा गिअर सोडून दुसऱ्यावर यावें लागलें, म्हणजे गॅरेजांत बहुधा एकच निदान ऐकूं येतें: "टर्बो गेला." हें निदान कधीं कधीं खरें असतें. परंतु पुष्कळदां टर्बो धडधाकट असून दोष दुसरीकडेच असतो, आणि मालकास मात्र हजारों रुपयांचा भुर्दंड पडतो. हिशेबाच्या तक्त्यांत बेरीज जुळली नाहीं, तर आम्ही कचेरींतील माणसें प्रथम हातचा तपासीत असूं; सगळें दप्तर नवें लिहावयास घेत नसूं. येथेंही तोच क्रम हितावह आहे.

डिझेल पुरतें जळावयाचें तर हवा पुरेशी पाहिजे. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक लहान चाक फिरवावें आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबावी, ही टर्बोची कल्पना. स्विट्झर्लंडमधील इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं तिचें पेटंट सन १९०५ मध्यें घेतलें. आपल्या देशांत सन २००० पासून धुराचे नियम कडक होत गेले, तसतसा टर्बो लहान गाड्यांतही सर्रास आला. त्याचीं चाकें मिनिटास एक लाखाहूनही अधिक फेरे घेतात, आणि त्यांचा दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो.

परीक्षेचा आरंभ धुरापासून करावा. गाडींत भार असावा, रस्ता चढाचा असावा, आणि मागें कोणी तरी पाहणारा असावा. ओढ कमी आणि धूर काळाकुट्ट, तर डिझेल येत आहे पण हवा कमी पडते. ओढ कमी आणि धूर मुळींच नाहीं, तर डिझेलच कमी येत असण्याचा संभव अधिक. अशा वेळीं टर्बोकडे न पाहतां आधीं डिझेल फिल्टर बदलावा. निळसर धूर तेल जळत असल्याची खूण होय. मात्र ज्या गाड्यांत संगणक बसविलेला आहे, त्यांत हवा कमी भरतांच तो डिझेलही कमी करितो, म्हणून काळा धूर दिसेलच असें नाहीं. तेथें दिव्याची खूण व यंत्रावरील वाचन पाहावें लागतें.

हवा कमी पडते असें ठरल्यावर प्रथम एअर फिल्टर उघडावा. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तो किती लवकर तुंबतो हें सांगणें नलगे. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप पाहावे. या पाइपांतील दाब भाराखालीं बाहेरच्या हवेच्या दीडपट ते दुप्पट होतो. बोटभर चीर पडली तरी कोंबलेली हवा वाटेंतच निसटते. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून कितीही रेस दिली तरी हा दाब नीट चढत नाहीं, आणि म्हणूनच गॅरेजच्या दारांत उभ्या गाडीचें निदान चुकतें. आमच्या तालुक्यांतील एका कांदेवाल्यास नवा टर्बो घेण्याचा सल्ला मिळाला होता. पाइप उतरवून वांकविला तेव्हां खालच्या बाजूस, जेथें तो लोखंडी पट्टीस घासत होता, तेथें चीर आढळली. वरून पाहणारास ती दिसणें शक्यच नव्हतें! एक पाइप व दोन क्लँप यांवर काम भागलें. चीर सांपडत नसल्यास इंजिन बंद ठेवून पाइपाचें तोंड बुचानें बंद करावें, हलक्या दाबाची हवा भरावी आणि साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे जागा दाखवितात. इंजिनापासून टर्बोकडे धूर नेणाऱ्या जोडावर काजळीचे ओघळ असतील, तर तेथूनही जोर गळत आहे असें समजावें.

ज्या टर्बोंत हलतीं पातीं असतात, त्यांत काजळीनें तीं अडकतात, किंवा तीं हलविणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तडकते. नळीस किंमत फारशी नसते. पण ती तपासणारे थोडे.

एवढें झाल्यावरच टर्बोस हात लावावा. इंजिन बंद व थंड असतां हवेचा पाइप काढून चाक बोटानें फिरवावें. तें हलकें फिरलें पाहिजे. आडवें किंचित् हालणें स्वाभाविक आहे. परंतु दांडा आंतबाहेर सरकत असेल, किंवा पातीं घराच्या भिंतीस घासलीं असतील, तर टर्बो खरोखरच गेला. पाइपांत तेलाचा ओलावा दिसल्यानें घाबरूं नये. तेल साठलेलें आढळल्यास मात्र गाडी चालवूं नये. तें तेल ओढून घेऊन इंजिन किल्ली काढली तरी आपोआप भरधाव फिरत राहतें. असा प्रसंग आल्यास ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा व क्लच सोडून इंजिन कोंडावें.

नवा टर्बो बसवावयाचा झाल्यास जुना कशानें मेला हें मिस्त्रीस विचारून घ्यावें. तेल नेणारी नळी जळक्या काजळीनें चोंदली असेल आणि तीच पुन्हां जोडली, तर नवाही थोड्याच दिवसांत जातो. म्हणून ती नळी, इंजिनतेल व त्याचा फिल्टर हीं तिन्ही बदलून घ्यावीं, आणि टर्बोच्या तेलाच्या तोंडांत स्वच्छ तेल ओतून मगच इंजिन चालू करावें.