इटलीने फॅसिझम स्वीकारला की सोसला?

हुकूमशहा लोकांना नको असेल तर तो वीस वर्षं टिकतो कसा? इतिहासकारांमधला वाद इथूनच सुरू होतो. आज इटलीपुरतं बोलू.

क्रोचे म्हणाला, फॅसिझम हा इटलीच्या इतिहासातला एक कंस आहे. कंस मिटला की मूळ वाक्य पुढे चालू. गोबेत्ती या तरुण पत्रकाराने त्याआधीच उलट सांगून ठेवलं होतं: ही तर राष्ट्राची आत्मकथा! म्हणजे रोग बाहेरून आलेला नाही, अंगातलाच आहे. १९३५ मध्ये कॉमिन्टर्नने त्याला वित्तभांडवलाची उघड हुकूमशाही ठरवलं. मग १९७४ मध्ये रेन्झो दे फेलिचे याने मुसोलिनीच्या चरित्रात १९२९ ते १९३६ या काळाला 'संमतीची वर्षं' म्हटलं, आणि इटलीत मोठं वादळ उठलं.

आता ही 'संमती' जरा तपासून बघू. १९२९ च्या मतदानात एकच यादी होती. तिला फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. 'हो'च्या मतपत्रिकेवर राष्ट्रध्वजाचे रंग, 'नाही'ची साधी पांढरी. कोणी कोणती टाकली हे लपणार कसं? 'हो' म्हणणारे निघाले ९८ टक्क्यांहून जास्त. १९३१ मध्ये प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे बाराशेंपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. त्यांची नोकरी गेली. उरलेले सगळे फॅसिस्ट होते का? तसं म्हणता येत नाही. ज्याला नकार परवडत नाही, त्याच्या होकाराचा अर्थ लावणं अवघड असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की संमती शोधायची तर आधी १९२२ मध्ये शोधा. तेव्हा ५३५ जणांच्या संसदेत फॅसिस्ट जेमतेम ३५. रोमवर मोर्चा निघाला तेव्हा पंतप्रधान फाक्ता लष्करी कायदा पुकारायला तयार होते. राजाने सही केली नाही, आणि मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावलं. उदारमतवादी त्या मंत्रिमंडळात बसले, संसदेने बहुमताने विश्वासही दिला. खुद्द क्रोचेने १९२४ मध्ये, मात्तेओत्तीचा खून झाल्यानंतरही, सिनेटमध्ये सरकारच्या बाजूने मत दिलं. पुढच्याच वर्षी तो ठाम विरोधात गेला, हेही सांगायला हवं.

या मंडळींना नकार देता येत होता. 'कंस' म्हटलं की नेमकी हीच माणसं नजरेआड होतात. आणि 'सगळं राष्ट्रच तसं' म्हटलं, तरी होतात.

पुढच्या वेळी हाच प्रश्न जर्मनीला लावून बघू.