उभ्या दुनळीचा दुसरा बार

एकावर एक नळ्या बसवलेली बारा बोअरची दुनळी लोक घेतात ती दुसऱ्या बाराच्या भरवशावर. पहिला नेम चुकला तर दुसरा बार त्याच क्षणी उडायला हवा. स्वस्तातल्या दुनळ्या बहुतेक वेळा नेमक्या इथेच दगा देतात.

दोन्ही नळ्यांना एकच चाप, हेच मुळात अवघड काम. बंदूककार जॉन ब्राउनिंगने बेल्जियममधल्या एफएन कारखान्यासाठी ‘सुपरपोज्ड’ ही उभी दुनळी आखली. १९२६ साली तो तिथेच काम करता करता वारला आणि एकेरी चापाचं काम मुलगा व्हॅल याने तडीस नेलं. अशा अनेक बंदुकांत पहिल्या बाराच्या धक्क्याने आतलं एक लहान वजन हलतं आणि चाप दुसऱ्या घोड्याशी जोडला जातो. भाग खरबरीत असले आणि काडतूस २४ ग्रॅम छऱ्यांचं, म्हणजे हलकं असलं, की धक्का अपुरा पडतो. चाप दाबूनही काहीच होत नाही. याच्या उलट बिघाड जास्त धोक्याचा. घोडा अडवणारी खाच नीट कापलेली नसेल, तर पहिल्या धक्क्यानेच दुसराही बार उडतो. अशी बंदूक त्याच दिवशी वापरातून काढावी आणि कारागिराकडे द्यावी.

दुसरं दुखणं बिजागरीचं. चांगला कारागीर भागाला दिव्याची काजळी लावतो, बंदूक मिटतो, पुन्हा उघडतो. जिथे काजळी पुसली गेली तिथे घासतंय. तेवढ्याच जागी कानस फिरवायची, पुन्हा काजळी, पुन्हा मिटायची. सगळीकडे सारखा टेका मिळेपर्यंत हेच चालतं. किंमत खाली आणायची म्हटलं की पहिली कात्री या तासांना लागते. बंदूक उघडायचा वरचा खटका पाहिला तरी झिजेचा अंदाज येतो: नव्या बंदुकीत तो सहसा किंचित उजवीकडे थांबतो आणि झीज होते तसा मध्याकडे, मग डावीकडे सरकतो.

तुर्कस्तानात कोन्या प्रांतातलं हूलू हे बंदूककारांचं गाव. तिथे १९६२ पासून सहकारी संस्था आहे. कसबी हात तिथे आहेत, पण त्या हातांना किती वेळ मिळणार हे गिऱ्हाइकाने ठरवलेली किंमत सांगते.

वर्षाला चार-दोन डझन बार काढणाऱ्या शिकाऱ्याला साधी दुनळी आयुष्यभर पुरेलही. ट्रॅपच्या नेमबाजाची गोष्ट वेगळी. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीतच १२५ तबकड्या असतात आणि सरावात हजारो काडतुसं उडतात. तिथे रिकामी काडतुसं फेकणाऱ्या कमानी थकतात, काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या टोचण्या तुटतात. बार फुसका गेला, तर नळी सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबावं, मगच उघडावी. काडतूस उशिराही पेट घेऊ शकतं.

दुकानात मात्र नजर जाते ती नक्षीवर आणि चकचकीत अक्रोडावर. स्वस्त बंदूक करायला हरकत नाही, पण काटकसर नक्षीत करावी. चाप, खाच आणि बिजागरी यांत वाचवलेला पैसा धरणाऱ्याच्या आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या जिवावर वाचवलेला असतो.