४ च्या आकड्याचे पक्षी

दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा उगवलेला सूर्य, तिथून निघून थेट घराच्या दारापर्यंत येणारी नदी, काठावर एक नारळ आणि आभाळात ४ च्या आकड्याचे पक्षी. महाराष्ट्रात ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की वहीवर वही हेच उतरत जातं. जवळपास डोंगर नाही की नारळ नाही, अशा गावातल्या मुलाच्या वहीतसुद्धा.

हे चित्र मुलाला सुचलेलं नसतं. कुणीतरी फळ्यावर काढून दाखवलेलं असतं आणि ते हुबेहूब उतरवणाऱ्याला ‘छान’ असा शेरा मिळालेला असतो.

शाळेत पाऊल टाकण्याआधी हेच मूल काय काढत होतं? तिसऱ्या-चौथ्या वर्षी बहुतेक मुलांचा माणूस म्हणजे एक वाटोळं डोकं आणि त्यालाच चिकटलेले दोन लांब पाय. मान नाही, पोट नाही. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखा दिसतो, म्हणून अभ्यासकांनी त्याला नावही तेच दिलं. अमेरिकेतल्या बालवाडी शिक्षिका रोडा केलॉग यांनी देशोदेशींच्या लहान मुलांची लाखो चित्रं जमवली. गिरगोटा, वर्तुळ, फुली, किरणांचा सूर्य, मग माणूस, असा क्रम त्यांत पुन्हा पुन्हा दिसला. म्हणजे ‘अगं, याचं पोट कुठाय?’ म्हणून जी दुरुस्ती घरोघरी होते, ती चूक नसलेल्या गोष्टीची असते.

खरी अडचण येते नवव्या-दहाव्या वर्षी. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात या वयाचं नेमकं वर्णन केलं आहे. चित्र खऱ्यासारखं दिसावं, असं मुलाला वाटू लागतं आणि ते तसं दिसत नाही, हेही त्याचं त्यालाच कळतं. खोडरबरानं कागद फाटेपर्यंत खोडणं याच वयातलं. त्यात मोठी माणसं भर घालतात. ‘हिच्या हातात कलाच आहे’ असं एकीला म्हटलं की आसपासच्या दहाजणींना न सांगताच कळतं, आपल्या हातात ती नाही. पोहायला शिकणाऱ्या पोराला ‘पुढे पदक मिळवणार का’ असं सहसा कुणी विचारत नाही. बुडला नाही म्हणजे झालं. चित्राच्या, गाण्याच्या, नाचाच्या बाबतीत मात्र अंगात काही आहे का, हे आधी तपासलं जातं.

मग बक्षिसं द्यावीत का? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची, चित्रं काढायला मुळातच आवडणारी ५१ मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, स्केचपेननं चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते न सांगता, चित्र काढून झाल्यावर दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात नुसती ठेवून दिली. ज्यांना आमिष दाखवलं होतं, ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ पेनांकडे वळली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड शाबूत होती. म्हणजे खोट बक्षिसात नव्हती, ‘काढलंस तर देईन’ या सौद्यात होती.

आपल्याकडच्या शासकीय रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, यासाठी दोष द्यायचं कारण नाही. स्थिरचित्र, स्मरणचित्र यांतून अनेकांचा हात बसला. पण दहावीच्या वाढीव गुणांसाठीच ब्रश हाती दिला, तर गुण पदरात पडल्यावर तो का उचलावा?

फळ्यावरची नक्कल टाळण्याची वाट जुनीच आहे. व्हिएन्नात चित्रकार फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मोठ्यांची चित्रं समोर ठेवून नक्कल करून घेणं, ही तेव्हाची रीत. चिझेक यांनी मुलांना त्यांचं त्यांना काढू दिलं.

घरात यासाठी फार काही लागत नाही. पाठकोरे कागद, खडू, आणि चित्र दाखवायला आलेल्या मुलासाठी मोबाइल खाली ठेवणारं एक माणूस. न बघताच ‘वा, मस्त!’ म्हणण्यापेक्षा ‘हे कोण? इथे काय चाललंय?’ असं विचारलं, तर बरंच काही ऐकायला मिळतं. समजा, चित्रात आजीचा एक हात दुसऱ्यापेक्षा तिप्पट लांब आहे. तो चुकला म्हणून खोडायला सांगायच्या आधी विचारावं. लाडवांचा डबा वरच्या फळीवर असतो, आणि तिथवर हात फक्त आजीचाच पोचतो.