करंडकांची मोजदाद

मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे मासळीचा लिलाव रंगात आलेला असतो. बांगड्याची टोपली, म्हाकुळाची टोपली, तारलीचा ढीग. सगळ्याचं वजन होतं, भाव फुटतो, वहीत आकडा पडतो. त्या गलक्यातून वाट काढत आम्ही आमचं सामान होडीत चढवतो. आमच्याकडेही एक जाळं असतं. नरसाळ्याच्या आकाराचं, खालच्या टोकाला बाटली बांधलेलं, आणि आस, म्हणजे जाळीचं छिद्र, फक्त २० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. पहिल्या खेपेला होडीच्या तांडेलकाकांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "अगो बाय, ह्याला आसच नाय!"

या जाळ्यात येतात ते वनस्पतीप्लवक, समुद्राच्या वरच्या उजेडातल्या थरात तरंगणाऱ्या एकपेशीय वनस्पती. पृथ्वीवरच्या सगळ्या वनस्पतींच्या वजनात त्यांचा वाटा १ टक्काही नाही. तरी जगातलं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण त्या करतात, कारण त्या साठवून ठेवत नाहीत. आज जन्मल्या, उद्या दुभंगल्या, परवा कुणीतरी खाल्ल्या. आपला दर दुसरा श्वास समुद्र देतो, असं हल्ली फार ऐकू येतं. ते वाक्य मला पटत नाही. समुद्रात तयार होणारा बहुतेक प्राणवायू समुद्रातच वापरला जातो, आणि आपण श्वासात घेतो तो साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. प्लवकांचं मोठेपण सांगायला तारली पुरेशी आहे. तिच्याकडे येतेच.

ऑक्टोबरात होडी किनाऱ्यापासून थोडी आत नेऊन इंजिन बंद करतात. आधी काळीपांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते पाहायचं. आंजेलो सेक्की या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये वापरलेली ही युक्ती आजही चालते. मग खोलीवरचं पाणी. दोन्ही तोंडं उघडी असलेली बाटली खाली सोडायची, दोरीवरून पितळी वजन घसरू द्यायचं. ते आदळलं की तोंडं खटकन मिटतात आणि त्याच खोलीचं पाणी वर येतं. एक लिटर पाण्यात लुगॉलचं आयोडीन घातलं की त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. पेशी जिथल्या तिथे टिकतात, जड होतात आणि तळाला बसू लागतात. जाळं मात्र शेवटी ओढायचं, हळू, होडी जेमतेम सरकेल इतक्या वेगाने. बाटलीत उरतो तपकिरी-हिरवा गाळ. ओल्या शेवाळाचा वास, हाताला किंचित बुळबुळीत.

ऑक्टोबरच का? जूनपासून वाहणाऱ्या पावसाळी वाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यालगत खोलवरचं थंड पाणी वर येतं. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असतं. डोंगरातून धावत येणाऱ्या नद्या सिलिका आणतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात समुद्र पेरला जात असतो. पण खोलवरून वर आलेल्या त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीला तो आणखी घटतो. आपल्या समुद्राची सुपीकता आणि घुसमट एकाच पाण्यातून येतात.

गाळाचा एक थेंब त्याच संध्याकाळी, जिवंत असतानाच बघायचा, कारण आयोडीनने रंग झाकले जातात. भिंगाखाली दिसतं ते कितीही वेळा पाहिलं तरी पुरत नाही. कॉसिनोडिस्कसची गोल तबकडी, तिच्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी. कीटोसेरॉसच्या साखळ्या, प्रत्येक पेशीला लांब केसासारखे काटे. मध्येच गिरक्या घेत जाणारी तीन शिंगांची ट्रायपॉस. यांतल्या पहिल्या दोन डायाटम. डायाटमना मराठीत करंडक म्हणतात, आणि हा शब्द ज्याने योजला त्याने नीट पाहिलं होतं. प्रत्येक पेशी सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या करंड्यात राहते, वरचं झाकण खालच्या भागावर बसलेलं. पेशी दुभंगताना प्रत्येक लेकीला एकेक अर्ध मिळतं. ते अर्ध ती झाकण म्हणून वापरते आणि आतला भाग नवा घडवते. त्यामुळे एका लेकीचा करंडा आईपेक्षा किंचित लहान होतो. पिढ्यान्‌पिढ्या असं लहान होत गेल्यावर एका टप्प्यावर करंडा टाकून द्यायचा, फुगायचं आणि पुन्हा मोठ्या आकाराने सुरुवात करायची.

आयोडीन घातलेल्या पाण्याची मोजणी दोन दिवसांनी. वरचं निवळ पाणी नळीने हळूच काढून एक लिटरचे १० मिलिलिटर करतात. त्यातला १ मिलिलिटर काचेच्या चौकटीत घालायचा. तिच्यावर १,००० घरं कोरलेली असतात. घराच्या वरच्या आणि डाव्या रेषेवर बसलेली पेशी मोजायची, खालच्या आणि उजव्या रेषेवरची सोडायची, नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते. रिकामे करंडे सोडायचे, ते मेलेल्यांचे. चौकटीत १०० पेशी मिळाल्या तर मूळ लिटरात १,०००. मान अवघडते, डोळ्यांत पाणी येतं. घाईत मोजलेला आकडा खोटा निघतो, म्हणून उठायचं, तोंड धुऊन यायचं आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरू करायचं.

आणि तरीही बरंच निसटतं. प्रोक्लोरोकॉकस हा जीव ०.६ मायक्रॉनचा. खुल्या उष्ण समुद्रात तो मिलिलिटरला लाखाहूनही जास्त असू शकतो, पण १९८८ पर्यंत त्याची ओळख पटली नव्हती. आमच्या जाळ्यातून तो सरळ पार होतो.

एकदा तांडेलकाकांनी एक तारली पुढे केली. "हिच्या पोटात बघ काय हाय ते." पोट चिरलं, आतला हिरवट लगदा काचपट्टीवर पसरला. करंडकच करंडक, काही फुटके, काही साबूत. काकांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "म्हणजे ही गवत खाते," ते म्हणाले. याहून नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. १९५५ मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन या संशोधकांनी मलबार किनाऱ्यावर दाखवून दिलं होतं, की फ्रॅजिलेरिया ओशियानिका हा करंडक वाढला की तारलीचा हंगाम चांगला येतो. गवत कोणतं उगवलं यावर कळप ठरतो.

म्हणूनच उत्तर अरबी समुद्रातून येणारी बातमी मला काळजीत टाकते. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हिवाळ्यात करंडकांची जागा हिरवी नॉक्टिल्युका हा दुसराच एकपेशीय प्लवक घेतो आहे. संशोधक हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिचा संबंध घटत्या प्राणवायूशी जोडला. ती आपल्या पोटात हिरव्या शैवालपेशी बाळगते, वर करंडकही खाते. तिला स्वतःला खाणारे मुख्यतः साल्प आणि जेलीफिश.

जेटीवरच्या वहीत तारलीचे किलो रोज उतरतात. त्या तारलीच्या चाऱ्याची वही आपल्या किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी, फार थोडे लोक ठेवतात. यात तुम्हीही भर घालू शकता. नॉक्टिल्युका रात्री लाटेत निळी चमकते. हिवाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री कोकणात कुठेही लाट फुटताना तशी चमक दिसली, तर फोटो काढाच, पण तारीख, वेळ आणि गावाचं नावही लिहा आणि जवळच्या मत्स्य महाविद्यालयाला कळवा. तिथे कुणीतरी ती नोंद वहीत उतरवून घेईल.