मैफलीचें ध्वनिमुद्रण : यंत्राची व माइकची निवड



तीन वर्षांपूर्वीं लातूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत मीं एका वृद्ध गायकाचें भजन ऐकिलें. वय सत्तरीच्या पुढें. परंतु आवाज असा खणखणीत, कीं मंडपाच्या टोंकाला बसलेल्या माणसासही शब्दन्‌शब्द कळावा. तें भजन आपल्या संग्रहीं असावें अशी इच्छा होऊन मीं खिशांतील मोबाईल काढिला, ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यासमोर एका खुर्चीवर ठेविला आणि निश्चिंत मनानें ऐकत बसलों. घरीं येऊन ऐकतों तों काय! पखवाजाच्या प्रत्येक थापेसरशीं आवाज फाटलेला, टाळांचा नुसता खळखळाट झालेला, आणि गायकाचा कंठ त्या गदारोळांत कोठेंतरी बुडून गेलेला. पुढच्या खेपेस चांगलें साधन घेऊन येऊं, असें मीं मनाशीं म्हटलें. पण पुढची खेप आलीच नाहीं. त्याच पावसाळ्यांत ते गृहस्थ वारले. कांहीं महिन्यांनीं त्यांचा नातू शोधत शोधत माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, आज्याचं भजन तुमच्याकडं हाय म्हणं. आमच्याकडं फोटो हाय, आवाज नाही." मीं त्यास तें फाटकें मुद्रण ऐकविलें. तो शेवटपर्यंत ऐकून, नमस्कार करून निघून गेला.

त्या दिवसापासून या विषयाचा जो अल्पस्वल्प अभ्यास मीं केला, त्याचें सार तुमच्यापुढें मांडीत आहें. त्याचें तात्पर्य आरंभींच सांगून ठेवितों : चांगल्या मुद्रणासाठीं साधन महागच असावें लागतें असें नाहीं; तें प्रसंगास साजेसें असावें लागतें, आणि माइक योग्य जागीं असावा लागतो.

आपल्या देशांत ही विद्या सव्वाशें वर्षांची आहे. इ. स. १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग हा तज्ज्ञ कलकत्त्यास आला व त्यानें गौहर जान या विख्यात गायिकेचें गाणें मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतलें. त्या काळीं ध्वनिमुद्रणांत विजेचा उपयोग नव्हता. गायिकेनें एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं गावयाचें आणि तीनएक मिनिटांत सारा राग आटोपावयाचा, असा प्रकार होता. गाणें संपतांच ती इंग्रजींत आपलें नांव मोठ्यानें उच्चारीत असे. कारण तबकड्या जर्मनींतील हानोव्हर शहरीं तयार होत, व कोणती तबकडी कोणाची हें तेथील कारागिरांस त्यावरून कळे. सन १९२५ च्या सुमारास विजेचा माइक आला, पुढें चुंबकीय फीत आली, आणि आज तळहाताएवढ्या यंत्रांत नखाएवढ्या कार्डावर रात्रभराची मैफल सामावते. तेव्हां साधन दुर्मिळ होतें, आज विवेक दुर्मिळ आहे, इतकाच काय तो फरक.

आतां यंत्राविषयीं. आधुनिक ध्वनिमुद्रक आवाजाच्या लहरींचें माप एका सेकंदांत हजारों वेळां घेतो व तें अंकांच्या रूपानें सांठवितो. हें माप सेकंदास ४८,००० वेळां घेतलें, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ हा दर ठेविला, तर मनुष्याच्या कानास ऐकूं येणारा सर्व नाद त्यांत येतो. प्रत्येक माप किती बारकाईनें लिहावयाचें हें 'बिट' या संख्येवरून ठरतें. १६ बिटांपेक्षां २४ बिट श्रेयस्कर; कारण त्यांत मुद्रण जरा हळू पातळीवर केलें तरी मागाहून मोठें करतांना खरखर वाढत नाहीं. अशा दोन बाजूंच्या मुद्रणास तासास सुमारें एक गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर तीस तासांच्या आसपास मुद्रण मावतें. एवढी जागा असतां एमपी-३ या संकुचित रूपांत मुद्रण करून नादाची काटछाट करणें शहाणपणाचें नव्हे. मूळ प्रत नेहमीं 'वेव्ह' या पूर्ण रूपांतच असावी.

यंत्रांत आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी असते. तिचें शून्य हें शिखर. त्यापलीकडे गेलेला नाद कापला जातो आणि फाटका ऐकूं येतो. माझ्या मोबाईलांत घडलें तें हेंच. म्हणून सर्वांत मोठी थाप उणें १२ डेसिबेलच्या आसपास राहील अशी पातळी गाण्यापूर्वीं लावून घ्यावी. पातळी आपोआप कमी-अधिक करणारी सोय मात्र संगीताच्या वेळीं बंद ठेवावी. नाहीं तर डग्ग्यावर थाप पडली कीं गायकाचा आवाज खालीं बसतो, आणि सम गेली कीं तानपुऱ्याची घुमी एकाएकीं वर उसळते.

अलीकडे '३२ बिट फ्लोट' ही नवी पद्धति निघाली आहे. हींत लहान व मोठा असा कोणताही नाद एकाच मुद्रणांत इतक्या विस्तृत मापानें लिहिला जातो, कीं पातळी चुकली तरी घरीं बसून ती दुरुस्त करतां येते. २०२४ सालीं बाजारांत आलेले झूम कंपनीचे एच-१ इसेन्शियल व एच-४ इसेन्शियल हे ध्वनिमुद्रक या पद्धतीचे आहेत. नवशिक्यास ही पद्धति वरदान होय. परंतु एक ध्यानांत ठेवावें. माइकचा पडदाच कर्ण्याच्या माऱ्यानें थकला, तर पुढें कोणतेंही गणित त्यास वांचवूं शकत नाहीं. टास्कॅम कंपनीच्या डीआर-०५ एक्स या छोट्या यंत्रांतील माइक सर्व दिशांनीं ऐकणारे, तर डीआर-०७ एक्स मधील माइक समोरचें अधिक ऐकणारे व वळवितां येणारे आहेत. डीआर-४० एक्स व एच-४ इसेन्शियल यांना बाहेरचे दोन मोठे माइक जोडण्याची सोय असते. तेव्हां यंत्र घेतांना दुकानदारास, "बाहेरचा माइक जोडतां येईल काय? त्यास ४८ व्होल्टचा पुरवठा यंत्रांतून मिळेल काय?" हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

हा पुरवठा कशासाठीं? माइकचे मुख्य दोन प्रकार. एक 'डायनॅमिक' : मजबूत, जवळून गाणाऱ्यासाठीं उत्तम, विजेची अपेक्षा न करणारा, सभेंत वक्त्याच्या तोंडाशीं असतो तो बहुधा हाच. दुसरा 'कंडेन्सर' : नाजूक, परंतु दुरून येणारा सूक्ष्म नादही टिपणारा, त्यास तो ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि त्यामुळें यंत्राचे सेल लवकर संपतात. मैफल दुरून टिपावयाची असेल तर कंडेन्सरच हवा.

माइकला दिशाही असते. कांहीं माइक दिव्यासारखे चोहोंकडे सारखे ऐकतात. कांहीं विजेरीसारखे समोरचेंच अधिक ऐकतात. दुसऱ्या जातीच्या ग्रहणक्षेत्राची आकृति हृदयासारखी असल्यामुळें त्यास 'कार्डिऑइड' म्हणतात. बाजूच्या गलबल्यापासून सुटका हवी असेल तर कार्डिऑइड घ्यावा. सभोंवारचें वातावरणच हवें असेल तर सर्वदिशाग्राही घ्यावा. आपणांस दोन कान आहेत म्हणून माइकही दोन वापरतात. फ्रेंच नभोवाणीनें रूढ केलेल्या एका रीतींत दोन कार्डिऑइड माइक १७ सेंटिमीटर अंतरावर, परस्परांपासून ११० अंश बाहेर वळवून लावितात. त्यायोगें ऐकणाऱ्यास पेटी कोणीकडे व तबला कोणीकडे हें डोळे मिटूनही समजतें.

एवढ्या ज्ञानावर आतां आपल्याच भागांतील चार प्रसंग घेऊं.

औशाच्या नाथ संस्थानाची चक्री भजनाची परंपरा तुम्हांस ठाऊक असेल. तेथें भजन करणारे एका जागीं स्थिर नसतात. दिशा धरून ऐकणारा माइक येथें फसतो. गायक पुढें आला कीं आवाज जवळ, वळला कीं दूर. अशा वेळीं सर्वदिशाग्राही माइक असलेलें साधें यंत्र, तिपाईवर डोक्याहून जरा उंच, भजनाच्या कडेला ठेविलें म्हणजे पुरतें. टाळ फार तीव्र असतात, म्हणून तें टाळकऱ्यांच्या अगदीं निकट नको.

दुसरा प्रसंग नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेचा. तेथें वाघ्या-मुरळीचें गाणें उघड्यावर, वाऱ्यांत व शेंकडों कर्ण्यांच्या कल्लोळांत होतें. येथें कार्डिऑइड माइक, त्यावर केसाळ वारारोधक टोपी, आणि शक्य तेवढी जवळीक, हे तीन उपाय. मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबेलनें घटतो. उलट अंतर निम्मे केलें कीं तितकाच वाढतो, आणि बाजूचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. महाग माइक घेऊन दहा पावलें दूर उभें राहण्यापेक्षां साधा माइक घेऊन तीन पावलांवर बसणें बरें.

तिसरा प्रसंग मोठ्या महोत्सवाचा. नांदेड येथें डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ भरत आलेल्या 'शंकर दरबार' या संगीत महोत्सवासारख्या ठिकाणीं ध्वनिव्यवस्थेचा मिक्सर असतो. तेथील चालकाची परवानगी मिळाल्यास मिक्सरमधून तार घेतां येते. परंतु मिक्सरमध्यें ज्यासमोर माइक आहे तेवढेंच असतें. श्रोत्यांची दाद व सभागृहाची घुमी नसते. यासाठीं दोन बाजूंस मिक्सर व दोन बाजूंस आपले माइक असें चार बाजूंचें मुद्रण उत्तम. मिक्सरची तार जोडतांना यंत्र 'लाइन' या पातळीवर ठेवावें. माइकच्या पातळीवर राहिल्यास सारें फाटतें. शिवाय ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो. आपले माइक दहा मीटर मागें असतील तर त्यांतील सूर सेकंदाच्या चौतिसाव्या हिश्शानें मागाहून येईल. ही तफावत घरीं जुळवून घ्यावी लागते.

चौथा प्रसंग सर्वांत साधा व मला सर्वांत मोलाचा वाटणारा : घरांतील म्हातारीची ओवी. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. आरंभीं त्या कागदावर लिहून घेतल्या जात. पुढें १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल यांनीं त्यांतील कांहींचें उत्तम ध्वनिमुद्रण केलें. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा स्वर त्यामुळेंच आज ऐकावयास मिळतो. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया ही संस्था या ओव्या प्रसिद्ध करीत आली आहे. कागदानें शब्द राखिले, परंतु गळा राखिला तो माइकनेंच. अशा कामास छोटें यंत्र पुरतें. पंखा बंद करावा, दार लोटून घ्यावें, यंत्र घडी घातलेल्या गोधडीवर हातभर अंतरावर ठेवावें, आणि आपण बोलूं नये.

साधन कोणतेंही असो, चार नियम सर्वत्र सारखे. पहिला, ज्याचें गाणें त्याची संमति घ्यावी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें कलावंताचा हक्क मान्य झाला असून त्याची मुदत आज पन्नास वर्षांची आहे. खासगी उपयोग व प्रामाणिक अध्यापन-संशोधन यांस कायद्यानें सूट दिली असली, तरी सौजन्यास सूट नाहीं. दुसरा, गाण्यापूर्वीं एक मिनिट मुद्रण करून तें कानांवर हेडफोन लावून ऐकावें. नवे सेल व जादा कार्ड खिशांत असावें. खेड्यांत वीज केव्हां जाईल याचा भरंवसा नसल्यानें यंत्र सेलवरच चालवावें. तिसरा, आरंभीं स्वतःच्या आवाजांत गांव, दिनांक व गायकाचें नांव सांगावें. गौहर जाननें जें १९०२ सालीं केलें तें आजही तितकेंच उपयोगी आहे. नांव नसलेला आवाज वीस वर्षांनीं अनाथ होतो. चौथा, घरीं येतांच तीन प्रती कराव्यात, व त्यांतील एक दुसऱ्याच्या घरीं ठेवावी. आणि एक प्रत गायकास द्यावी. ती त्याचीच आहे.

आपल्या शाळेंत हें साधन असावें अशी माझी इच्छा आहे. तें येईपर्यंत तुमच्या हातांतील मोबाईलही कुचकामी नाहीं. तो कर्ण्यापासून दूर व गायकाजवळ ठेविला, विमानाच्या खुणेची कळ दाबून येणारे फोन थांबविले, म्हणजे माझ्या त्या मुद्रणापेक्षां शतपट बरें काम होईल. दिवाळीच्या सुटींत तुम्ही आपापल्या गांवीं जाल. तेथें तुमची आजी असेल, भजनी मंडळांतील कोणी म्हातारबाबा असतील. त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि ऐका. पुढच्या सुटीवर तें काम टाकूं नका. मीं टाकिलें होतें.