गणित चुकते की भाषा अडते?

‘आमच्या मुलाचे डोके गणितात चालत नाही,’ असे अम्मी-अब्बा सांगतात, तेव्हा आम्ही शिक्षक आधी एकच गोष्ट पाहतो: त्याला आकडेमोड येत नाही, की प्रश्नच कळलेला नाही?

हे उदाहरण पाहा. ‘सलमाकडे 12 बोरे आहेत. ती झरीनाकडच्या बोरांपेक्षा 5 ने जास्त आहेत. झरीनाकडे किती?’ ‘जास्त’ हा शब्द दिसताच अनेक मुले बेरीज करून 17 लिहितात. उत्तर 7 आहे. बारातून पाच वजा करणे त्यांना येते. ‘पेक्षा’ कोणाला जोडले आहे, हे वाचताना निसटते.

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या पासलीसारख्या डोंगरी गावात बोलण्याची मराठी वेगळी, पुस्तकाची वेगळी. घरी दखनी किंवा उर्दू असेल, तर अंतर आणखी वाढते. उर्दू शाळेतले ‘जर्ब’ आणि ‘तक्सीम’ मराठी शाळेत ‘गुणाकार’ आणि ‘भागाकार’ होतात. मुलाला क्रिया येते, तिचे नवे नाव परके वाटते.

संख्यांची नावेही अडवतात. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र 2 आधी येतो. म्हणून लहान मुले 52 लिहून बसतात. उर्दूच्या ‘पच्चीस’चेही तेच. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. भाषा बिघडेल, अशी टीका झाली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण दाखवून या पद्धतीची बाजू मांडली. आम्हाला वाटते, ‘पंचवीस म्हणजे वीस आणि पाच’ असे दोन्ही सांगावे. भाषाही राहते, अर्थही कळतो.

घरी एवढे करा. मुलाला उदाहरण मोठ्याने वाचू द्या. मग घरच्या बोलीत, स्वतःच्या शब्दांत सांगू द्या: काय दिले आहे, काय विचारले आहे? ‘बेरीज की वजाबाकी?’ हा प्रश्न त्यानंतरच. जकातीचा हिशेब करताना त्याला जवळ बसवा. शेकडा अडीच म्हणजे चाळिसात एक. 4,000 रुपयांवर 100 रुपये. असा हिशेब समजून केलेले मूल शेकडेवारीला घाबरत नाही.

अम्मी-अब्बांचे शिक्षण कमी असले तरी हे जमते. मुलाला ‘ढ’ ठरवण्याआधी त्याला प्रश्न समजला का, एवढे जरूर विचारा.